पाटीलकीच्या एका घराण्याची वंशावळ : प्रकल्प नोंदी, पुणे

२ जून २०२४

घराणं पुरंदर तालुक्यातल्या एका गावचं, पाटीलकीचं वतन असलेलं. एक शाखा शंभरेक वर्षांपूर्वी पुण्यात नारायण पेठेत आली. (नोंदींतली नावं बदलली आहेत; आडनाव आणि गाव गाळलं आहे.) हातात आहे ते वहीच्या दुहेरी पानावर काढलेलं झाड. सहा पिढ्या, सगळे पुरुष, साल एकही नाही. सर्वांत वर ‘मूळ पुरुष हिरोजी’, त्याखाली बाळोजी, त्याचा सखाराम, आणि सखारामाचे दोन मुलगे गोविंद व तुकाराम. पुण्याची शाखा तुकारामाच्या खाली.

अशा पानांवरची नावं बहुतेक खरी निघतात. घोळ असतो तो नावं जोडणाऱ्या रेघांत. चुलता-पुतण्या बापलेक होऊन बसतात, दत्तक गेलेला मुलगा दोन्ही घरांत दिसतो, निपुत्रिक भाऊ कायमचा गळतो. त्यामुळे या कामात पिढ्या किती मिळाल्या हे मोजायचं नाही, रेघा किती टिकल्या ते मोजायचं. रेघेचे तीन प्रकार ठरवले. त्या काळच्या कागदात नातं स्पष्ट लिहिलेलं असेल तर पक्की, सलग रेघ. नातं लिहिलेलं नाही पण एकमेकांवर न बेतलेल्या दोन साधनांतून तेच निघतं, तर संभाव्य, तुटक रेघ. बाकी सगळं ऐकीव, ठिपक्यांची रेघ. आज पान जसंच्या तसं उतरवून सगळ्या रेघा ठिपक्यांच्या केल्या.

काम खालून वर. मूळ पुरुष हाताशी धरून खाली उतरायला लागलं की आपल्याला हवं ते नाव दिसलं रे दिसलं की तिथेच थांबायचा मोह होतो.

७ जून

घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलणं. ‘आजोबांबद्दल सांगा’ म्हटलं की स्वभाव कळतो, नातं कळत नाही. विचारायचं ते असं: अमक्यांच्या मरणाचं सुतक आपल्याकडे दहा दिवस धरलं की तीन? दहा दिवस म्हणजे जवळचे सपिंड, तीन म्हणजे लांबचे भाऊबंद. माणूस नातं विसरतो, पण किती दिवस देवाला शिवलो नाही हे विसरत नाही. दुसरा प्रश्न देवकाचा आणि कुलदैवताचा. तिसरा, आजीचं माहेर कुठलं आणि माहेरहून कोण यायचं. चौथा, बांधाला बांध कुणाचा.

सालं विचारू नयेत, घटना विचाराव्यात. पुण्यातला १८९७ चा प्लेग, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ. ‘पुराच्या आधी की नंतर’ याचं उत्तर पुण्यातली ऐंशीच्या पुढची माणसं क्षणात देतात.

दोघांना एकत्र बसवू नये. मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो आणि आपल्याकडे एकच साक्ष उरते.

११ जून

क्रमांक आणि सॉफ्टवेअर. झाडातल्या जागेवरून क्रमांक देण्याची पद्धत (३.२.१ म्हणजे तिसऱ्याचा दुसरा, त्याचा पहिला) छापताना सुंदर दिसते. पण मधेच एक भाऊ सापडला की खालचे सगळे आकडे सरकतात आणि कागदांवर टाकलेले संदर्भ खोटे पडतात. म्हणून प्रत्येकाला सापडल्या क्रमाने कायमचा क्रमांक, व-००१ पासून पुढे. झाडातला क्रमांक अगदी शेवटी, छपाईच्या वेळी.

ग्रॅम्प्स वापरतो आहोत. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, देवनागरी नीट चालते. माहिती दुसऱ्या प्रोग्रॅमात न्यायची तर जेडकॉम (वंशावळीची माहिती देण्याघेण्याचा ठरलेला नमुना) फाइल काढावी लागते. तिथे अक्षरसंच यूटीएफ-८ आहे ना हे आधी बघावं. जुने प्रोग्रॅम ॲन्सेल नावाचा रोमन लिपीपुरता संच धरतात आणि सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन बाहेर येतात.

वडिलांचं नाव मधल्या नावाच्या रकान्यात भरायचं नाही. ते नात्यातून यायला हवं. दोन्हीकडे भरलं तर रेघ बदलल्यावर नाव तसंच राहतं, आणि सहा महिन्यांनी तेच नाव पुरावा म्हणून आपल्याच अंगावर येतं. बायकांची मुख्य नोंद माहेरच्या नावाने, सासरचं नाव पर्यायी नाव म्हणून. माहेर माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा, सासरचं आडनाव तिथे ढकलायचं नाही.

गोविंदा, गोंदू, गोविंदराव ही एकाच माणसाची रूपं असू शकतात. विठू-विठोबा-विठ्ठल, ज्ञानू-ज्ञानोबा-ज्ञानदेव, रखमा-रखुमाई-रुक्मिणी तशीच. कागदात जे रूप आहे ते जसंच्या तसं एका रकान्यात, शोधासाठी ठरवलेलं रूप दुसऱ्यात.

१९ जून

घरातले कागद. नारायण पेठेतल्या घरात १९६१ पूर्वीचं जवळजवळ काही नाही. नदीकाठच्या पेठांत हे गृहीतच धरायचं, पूर तळमजल्यातल्या ट्रंका घेऊन गेला. गावच्या घरी मात्र पत्र्याची पेटी आहे: शेतसाऱ्याच्या पावत्या, एक वाटपपत्र, दोन जन्मपत्रिका, सोसायटीच्या कर्जाचे कागद, लग्नपत्रिका. लग्नपत्रिका टाकू नयेत. निमंत्रकांची उतरंड म्हणजे त्या साली हयात असलेल्या भाऊबंदांची वयानुसार यादी असते.

स्कॅन ३०० डीपीआय, फोटो आणि फिकट शाई असेल तर ६००. मूळ प्रत टिफमध्ये. कागदाची पाठ कोरी वाटली तरी स्कॅन करायची, मुद्रांकाचा शिक्का आणि तारीख पाठीवर असते. फाइलच्या नावात साल पुढे, आकडे एकाच लिपीतले. देवनागरी आणि रोमन आकडे मिसळले तर यादीचा क्रम फुटतो. फाटक्या कागदाला सेलोटेप लावायचा नाही, त्याचा डिंक पिवळा पडून शाईत उतरतो. लॅमिनेशन त्याहून वाईट, ते परत काढता येत नाही.

१ जुलै

शाळेचं जनरल रजिस्टर. ‘१ जून’ ही जन्मतारीख दिसली की ती मास्तरांनी टाकलेली समजायची. प्रवेशाच्या वेळी वय बसवायला ही सोयीची तारीख होती. साल एखाददोन वर्षांनी इकडेतिकडे. रजिस्टरचा खरा उपयोग पालकाच्या रकान्याचा. बाप हयात नसेल तर चुलत्याचं किंवा मामाचं नाव नात्यासकट मिळतं.

९ जुलै

फेरफार. महाराष्ट्रातल्या शेतकरी घराण्याला वंशावळीचं याहून चांगलं साधन नाही, आणि लोक मात्र सातबाऱ्यावरच थांबतात. सातबारा सांगतो आज जमीन कुणाची. ती त्याच्याकडे कशी आली हे फेरफार सांगतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे त्याच्या फार मागे ही साखळी जात नाही.

पद्धत अशी. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात, ते सगळे उतरून घ्या. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर गाव निवडून बघता येतात. तिथे नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. अर्जात गाव, सर्व्हे नंबर (गट नंबर नव्हे, गट एकत्रीकरणानंतरचे) आणि फेरफार क्रमांक लिहायचा. ‘आमच्या कुटुंबाचे सर्व फेरफार’ असा अर्ज हमखास परत येतो. गट आणि जुने सर्व्हे नंबर यांची सांगड घालणारं पत्रक आधी मागून घ्यावं, नाहीतर साखळी एकत्रीकरणाच्या सालापाशी तुटते.

वाचताना लक्षात ठेवायचे शब्द: ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या मुलाच्या वतीने बघणारा. हे शेवटचं दिसलं की खूण करून ठेवायची, कारण मुलाचं वय आणि बहुतेक वेळा आईचं नाव तिथेच मिळतं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथे दिसतो एक भाऊ, पाठीमागे असतात चार.

वारस नोंदीची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. वारशाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, पण कर्ज काढायची किंवा जमीन विकायची वेळ येईपर्यंत लोक जात नाहीत. वीस वर्षांचा फरक नवा नाही.

मुलींसाठी १९५६ ही सीमारेषा. हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर बापाच्या वारसांत लेकी येतात, सासरच्या नावासकट, आणि पुष्कळदा त्यांच्या मागोमाग हक्कसोडपत्राचा फेरफार येतो. बहिणींचा हक्क भावांनी सोडवून घेतला हे वाईटच. पण त्याच कागदात चार बहिणींची सासरची नावं आणि गावं एका ओळीत मिळतात, आणि वहीतल्या झाडावर त्यांचा मागमूसही नव्हता. आजच्या वाचनात झाडात सर्वांत जास्त भर बायकांची पडली.

१६ जुलै

हिश्श्यांचं गणित. ज्याला या कामाची गोडी लागायची त्याला ती इथे लागते.

जुन्या नोंदींत हिस्सा आण्या-पैत असतो. पूर्ण खातं १६ आणे, एका आण्याचे १२ पै. कुणापुढे ५ आणे ४ पै दिसले की तीन वाटेकरी. ४ आणे म्हणजे चार, २ आणे ८ पै म्हणजे सहा, किंवा तिघांपैकी एकाचे दोन. नावं दोनच दिसत असली तरी पै खोटं बोलत नाहीत.

गोविंदाच्या मृत्यूनंतरचा फेरफार १९३१ चा. वारस राघू, ज्ञानू आणि विठू, ‘अज्ञान, वय ४, अ.पा.क. आई रखमा’. प्रत्येकी ५ आणे ४ पै. वहीतल्या झाडात गोविंदाला मुलगे दोनच आहेत, विठू नाही. १९४० च्या नोंदीत राघू आणि ज्ञानू प्रत्येकी ८ आणे. विठूचा हिस्सा भावांत विरघळला. म्हणजे तो अविवाहित वारला, किंवा दत्तक गेला आणि जन्मघरातला हक्क संपला. गणित एवढंच सांगू शकतं. दोन्हीत आकडा तोच येतो.

याच पद्धतीने तुकारामाकडे पाहिलं. १८७४ च्या वतन कायद्यानंतर तयार झालेल्या वतन रजिस्टरात पाटीलकीच्या दोन तक्षिमा (वाटे) आहेत: सखाराम बिन बाळोजी ८ आणे, मानाजी बिन बाळोजी ८ आणे. तुकारामाकडे पुढे अख्खी ८ आण्यांची तक्षीम दिसते. तो गोविंदाचा सख्खा भाऊ असता तर दोघांना ४-४ मिळाले असते. म्हणजे तुकाराम मानाजीच्या बाजूचा, गोविंदाचा चुलतभाऊ. वहीतली सखाराम–तुकाराम रेघ आज पुसली. मानाजी–तुकाराम रेघ तुटक घातली, कारण ‘तुकाराम बिन मानाजी’ असं लिहिलेलं अजून दिसलेलं नाही.

५ ऑगस्ट

गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू कोतवालाच्या वर्दीवरून लिहिले जात. रजिस्टरं तहसील कार्यालयात असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर अनेक जिल्ह्यांत ती स्कॅन होऊन जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आली आहेत. वंशावळीचं काम करणाऱ्यांना हा अनपेक्षित लाभ. मात्र तिथे बहुधा ज्या पानांवर ती नोंद आहे तेवढीच पानं चढवलेली असतात, त्यामुळे ‘संकेतस्थळावर नाही’ याचा अर्थ ‘रजिस्टरात नाही’ असा घेऊ नये.

जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुधा नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख, एवढंच. बारसं व्हायच्या आधी वर्दी गेलेली असते. मग ‘गोविंद बिन सखाराम यास मुलगा’ अशा तीन नोंदी मिळतात आणि कुठला मुलगा कुठला हे वयांवरून बसवावं लागतं. मृत्यूच्या नोंदीत वय साठ, सत्तर असं गोल आकड्यात, त्यावरून जन्मसाल काढायचं तर दहा वर्षांची सैल बाजू ठेवावी. साथीच्या वर्षांत पानंच्या पानं मृत्यूंची आणि नोंदी सर्वांत अपुऱ्या. लिहिणाराही आजारी पडत असणार.

१९३१ ते १९४० ची पानं सलग पाहिली. विठूच्या मृत्यूची नोंद नाही. गावाबाहेर वारला असेल तर ती इथे येणारच नाही, त्यामुळे हा पुरावा नाही. पण दत्तकाच्या बाजूला पारडं झुकतं.

२१ ऑगस्ट

१९३० च्या आसपासपर्यंतचे कितीतरी कागद मोडीत. मोडी वाचणारा भाड्याने मिळतो, पण घरातल्या एकाने तरी शिकून घ्यावं, कारण लिप्यंतर करणारा अनोळखी नावाची जागा ओळखीच्या नावाने भरतो आणि ते आपल्याला कळत नाही. अक्षरओळख महिन्याभरात होते, हस्ताक्षराची सवय व्हायला वर्ष जातं.

अडचणी ठरलेल्या. आधी पानभर रेघ ओढून अक्षरं तिला टांगलेली, त्यामुळे दोन शब्दांत जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. काना लागला की काही अक्षरांचं रूपच पालटतं. उपाय एकच: त्या लेखकाच्या पानांतून खात्रीचे शब्द (गावाचं नाव, महिना, ‘मौजे’, ‘बिन’) कापून त्याच्या हातची बाराखडी तयार करायची आणि शंकेचा शब्द तिच्याशी ताडून पाहायचा. लिप्यंतरात शंकेचं अक्षर चौकटी कंसात. कंस नसलेलं मोडी लिप्यंतर कुणी हातात दिलं तर ते ठिपक्यांच्या रेघेच्याच लायकीचं.

४ सप्टेंबर

पुणे पुरालेखागार, कौन्सिल हॉलजवळ. यालाच लोक पेशवे दप्तर म्हणतात. कागद रुमालांत बांधलेले, रुमालांची संख्या हजारोंत. इथे ‘आमचं आडनाव शोधून द्या’ चालत नाही. अठराव्या शतकातल्या पाटलाच्या कागदांत आडनाव क्वचितच येतं. ‘हिरोजी पाटील मोकदम मौजे अमुक’ असं येतं (मोकदम म्हणजे गावचा पाटीलच). शोध गावावरून, आणि गाव आजच्या तालुक्यात नव्हे तर तेव्हाच्या तर्फेत. आपलं गाव तर्फ कऱ्हेपठार, प्रांत पुणे. तर्फ माहीत नसताना आलेला माणूस संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जातो.

वंशावळीच्या दृष्टीने कामाचे दोन प्रकार. एक, वतनाच्या भांडणातले कागद: करीना म्हणजे पक्षकाराने सांगितलेली हकीकत, आणि महजर म्हणजे गोतसभेचा निवाडा. महजरात मूळ पुरुषापासून उतरंड दिलेली असते आणि खाली गावच्या वतनदारांच्या निशाण्या असतात, पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी. दोन, इनाम कमिशनपुढच्या कैफियती. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला आणि त्यासाठी घराण्यांनी वंशवृक्ष लिहून दिले.

दोन्हींबद्दल सावध राहावं. हे वंशवृक्ष दावा जिंकायला लिहिलेले आहेत. विरुद्ध पक्षाची शाखा त्यात नसते, किंवा ‘निर्वंश’ म्हणून निकालात काढलेली असते. शक्य तिथे दोन्ही पक्षांचे करीने वाचायचे. दोघांनाही मान्य असलेल्या रेघा पक्क्या, भांडणाच्या रेघा ठिपक्यांच्या.

हिरोजीचं नाव शके १६९४ च्या एका कागदात मोकदम म्हणून मिळालं. बापाचं नाव नाही, मुलाचं नाही.

११ सप्टेंबर

सन बदलण्याचं कोष्टक, भिंतीवर लावायला.

शके अधिक ७८ म्हणजे इसवी. पौष-माघ-फाल्गुनातला जानेवारीनंतरचा भाग असेल तर ७९. जुन्या कागदांतल्या सुहूर सनात मृगापासून (जूनच्या सुरुवातीपासून) डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. महसुली फसली सनात त्याच रीतीने ५९० आणि ५९१. सुहूर सन आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत लिहितात, एकक आधी: सलास सबैन मया अलफ म्हणजे ३, ७०, १००, १०००, अर्थात ११७३. एककं इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा. दशकं अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. सलास-सलासीन आणि खमस-खमसैन यांत मोडी वाचताना गफलत होते आणि साल दशकांनी चुकतं. ‘छ’ हे अक्षर आकड्याआधी दिसलं तर तो चांद्र मुसलमानी महिन्याचा दिवस. तिथे जंत्रीच (तारखा-तिथ्यांचं तयार कोष्टक) लागते, बेरीज चालत नाही.

पडताळा संवत्सराच्या नावाने. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी म्हणजे प्रभवापासूनचा क्रमांक. शके १६९४ : १७०६ भागिले ६०, बाकी २६, नंदन. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला गेले तो शके १६९४ नंदन, सुहूर ११७३. तिन्ही जुळतात. कागदावर शक आणि संवत्सर जुळत नसतील तर वाचन चुकलं आहे किंवा कागद मागाहून केलेला आहे.

याच पडताळ्यात वहीतली सर्वांत वरची रेघ अडकली. हिरोजी १७७२ मध्ये मोकदम, म्हणजे जन्म १७५० च्या फार पुढचा नाही. गोविंद १९३१ च्या सुमारास वारला तेव्हा धाकटा मुलगा चार वर्षांचा. एका पिढीला २५ ते ३० वर्षं धरून उलटं मोजलं तर गोविंद १८७५, सखाराम १८४५, बाळोजी १८१५ च्या आगेमागे. हिरोजी आणि बाळोजी यांच्यात साठ-पासष्ट वर्षं. मधे किमान एक पिढी, बहुधा दोन गळाल्या आहेत.

२४ सप्टेंबर

पितृपक्ष चालू आहे, म्हणून हे काम आत्ताच. घराघरांत महालयाच्या वेळी पितरांची यादी काढली जाते. पुष्कळ ठिकाणी ती पंचांगात घडी करून ठेवलेली असते. बाप, आजा, पणजा, आई-आजी-पणजी, आईकडच्या तीन पिढ्या, पुढे चुलते, आत्या, मामा, मावशा, सासरे, गुरू. जमिनीच्या कागदांत न सापडणाऱ्या बायका इथे सापडतात.

कुणाचं श्राद्ध कुठल्या तिथीला घालतात यावरून बरंच कळतं. नवमीला ठेवलेली बाई अहेवपणी गेलेली, म्हणजे नवऱ्याच्या आधी. त्याच्या मृत्यूचं साल माहीत असेल तर तिच्या मृत्यूची वरची मर्यादा मिळाली. चतुर्दशीला ठेवलेला माणूस अपघाताने किंवा शस्त्राने गेलेला. सर्वपित्रीला ठेवलेल्यांत तिथी माहीत नसलेले असतात: परगावी वारलेले, परागंदा झालेले. महालयातून तिथी मिळते, महिना मिळत नाही. महिना हवा तर वर्षश्राद्ध कधी होतं ते विचारायचं. महिना आणि तिथी हाती आली की जंत्रीत संशयित दहा वर्षं उघडायची आणि कोतवाल बुकातल्या तारखांशी ताडायची.

पुण्याच्या शाखेच्या यादीत पणजा मानाजी. तुकारामाचा बाप मानाजी, हे वतन रजिस्टर न पाहिलेल्या घराने स्वतंत्रपणे सांगितलं. तुटक रेघेला आधार मिळाला. आणि याच यादीत, चुलत्यांच्या ओळीत, गोविंदाचे राघू आणि ज्ञानू ‘बंधू’ म्हणून आहेत.

१५ ऑक्टोबर

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची नामावळ, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदींच्या वह्या. आधी गाव, तालुका, जात, आडनाव सांगायचं, म्हणजे कोणते उपाध्याय ते कळतं. फोटोला परवानगी मिळेलच असं नाही, हाताने उतरवायची तयारी ठेवावी. दक्षिणा आणि आपल्या पिढीची नवी नोंद हा रिवाज; नव्या नोंदीत बहिणी आणि लेकी आवर्जून लिहायला सांगाव्यात.

नामावळीत जे लिहिलं ते यात्रेकरूने तोंडी सांगितलेलं. त्याच्या स्वतःच्या तीन पिढ्यांपुरतं ते पहिल्या हातचं, त्यावरचं ऐकीव. वह्या जीर्ण झाल्या की नव्यांत उतरवल्या जातात आणि तेव्हा ओळी गळतात. म्हणून सही किंवा अंगठा असलेलं मूळ पान आहे का ते विचारायचं. दक्षिणेकडच्या शाखांसाठी, सांगली-कोल्हापूर भागात, हेळव्यांकडच्या (घराण्यांच्या वंशावळी जपणाऱ्या जमातीकडच्या) वंशावळी हे असंच पण वेगळं साधन. पुरंदरला त्याचा उपयोग नाही.

आपली नोंद विसाव्या शतकातली, ‘विठू बिन तुकाराम, जन्मते गोविंद’.

६ नोव्हेंबर

दिवाळीत गावाकडची मंडळी पुण्यात होती, त्यांच्यासमोर कागद मांडले. १९३१ ला विठू गोविंदाचा अज्ञान मुलगा. १९४० ला गोविंदाच्या खात्यातून नाहीसा. गावात मृत्यूची नोंद नाही. तुकारामाच्या खात्यावर, तो वारल्यावर, ‘विठू बिन तुकाराम, अज्ञान, अ.पा.क. आई’. पुण्याच्या यादीत राघू-ज्ञानू बंधू. नामावळीत ‘जन्मते गोविंद’. तुकारामाच्या विधवेने चुलतदिराचा मुलगा दत्तक घेतला होता, आणि पुण्याची शाखा त्याच मुलाची.

दत्तक काढायची रीत: दत्तक बापाकडून सलग दुहेरी रेघ, जन्मदात्याकडून एकेरी तुटक (इथे तुटक म्हणजे ‘संभाव्य’ नव्हे), आणि माणूस एकदाच. दोन ठिकाणी मांडला तर मोजणी फुगते आणि पुढे कुणीतरी त्यांना दोन माणसं समजतो. अशा जागी आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याची चाल जास्त छळते. गोविंद सखाराम, सखाराम गोविंद, पुन्हा गोविंद सखाराम. दोन चुलतघरांत एकाच वेळी एकाच नावाचे दोघे. त्यांना वेगळं काढायला बापाचं नाव पुरत नाही. आजोबाचं नाव, सर्व्हे नंबर आणि बायकोचं नाव, यांतल्या दोन गोष्टी जुळल्याशिवाय दोन नोंदी एका माणसाच्या मानायच्या नाहीत.

दत्तकपत्र नोंदलेलं असेल तर दुय्यम निबंधकाकडे सूचीत नाव शोधता येतं. सासवडचा अर्ज टाकला आहे.

२५ नोव्हेंबर

छपाई. पुरुषपिढ्यांचं झाड एका तक्त्यावर बसत होतं. बायका, लेकी आणि दत्तक घातल्यावर बसत नाही. तक्ता शाखांप्रमाणे तोडून तीन, आणि नावांची सूची वेगळी. हयात माणसांच्या नावापुढे जन्मतारीख, पत्ता, फोन छापायचा नाही, फक्त नाव. जातपडताळणीसाठी लागणारी वंशावळ वेगळी काढावी. ती अर्जदारापासून त्या-त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेआधीच्या (इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७) नोंदीपर्यंतची सरळ रेघ असते, प्रतिज्ञापत्रावर. तिथे हा सगळा पसारा जोडला तर तपासणाऱ्याला प्रश्नच जास्त सुचतात.

तक्त्यावर बाळोजीच्या वर दोन रिकाम्या चौकटी ठेवल्या आहेत आणि त्यांच्या वर, ठिपक्यांनी, हिरोजी. त्या चौकटी भरण्याची शक्यता सर्वांत जास्त गावच्या कैफियतीत: १८५० च्या दशकात बाळोजी स्वतः हयात असणार, आणि कमिशनपुढे त्याने बापाचं आणि आजाचं नाव सांगितलेलं असायला हवं. पुरालेखागारात पुढची मागणी त्या रुमालाची, तर्फ कऱ्हेपठार, पाटील वतन, गावाच्या नावाने.